फुकटचा सर्व्हर आणि महिन्याचे ६३ युनिट

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मागे जुन्या कॉम्प्युटरचा घरच्या घरी मीडिया सर्व्हर, म्हणजे साठवलेली गाणी-सिनेमे टीव्हीला आणि फोनला पुरवणारा डबा, कसा करायचा यावर लेख आला होता. चांगला होता, फोटोबिटो सगळं, आणि त्यात एक वाक्य होतं की घरात पडून असलेला कॉम्प्युटर वापरला तर खर्च शून्य. मग पुढच्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र आलं की कसला शून्य, कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय ४५० वॅटचा असतो, चोवीस तास चालवला तर महिन्याला ३२४ युनिट, घर विकायची पाळी येईल. मी दोन्ही कात्रणं कापून ठेवलीत कारण मी नेमका दोघांच्या मधे सापडलोय. शून्य पण नाही आणि ३२४ पण नाही. माझ्याकडे तो आकडा ६३ निघाला आणि तो मी मीटरसमोर स्टूल टाकून बसून काढलाय म्हणून लिहितोय.

आधीच सांगतो मी काही कॉम्प्युटरवाला नाही. सहकारी बँकेत कॅशला होतो, चार वर्षं झाली रिटायर होऊन. पण आयुष्यभर संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय घरी जाता आलं नाही त्यामुळं हिशोब लागला नाही की मला झोप येत नाही, हा रोग आहे, जाणार नाही आता.

तर झालं असं. आमच्याकडे दोन पेट्या भरून कॅसेट होत्या. त्यात आईच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, ८९ साली मी टू-इन-वन तिच्यापुढं ठेवून भरलेल्या, मधेच कुकरची शिट्टी आणि आमच्या मुलीचं रडणं पण आहे. शिवाय मुलांच्या गॅदरिंगच्या व्हीसीडी, लग्नाच्या कॅसेट, विकत घेतलेल्या नाटकांच्या सीड्या. ते सगळं गेल्या दोन वर्षांत हळूहळू कॉम्प्युटरवर उतरवलं. मुलगी जर्मनीत असते, श्टुटगार्टला, तिला ओव्या ऐकायच्या होत्या, आणि मुलाचा जुना गेम खेळायचा कॉम्प्युटर माळ्यावर धूळ खात होता. भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणाला मामा ह्याचा सर्व्हर करू, जेलीफिन नावाचं सॉफ्टवेअर टाकतो, फुकट असतं, टीव्हीवर पण दिसेल, फोनवर पण दिसेल, ताईला तिकडं पण ऐकता येईल. एका रविवारी त्यानं ते करून दिलं, डबा मुलाच्या खोलीत कपाटावर ठेवला, हिरवा दिवा लागला, आणि खरं सांगतो टीव्हीवर आईच्या आवाजातली पहिली ओवी लागली तेव्हा आमच्या हिनं भाजी करपवली. त्या डब्याबद्दल माझी तक्रार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

ही गोष्ट डिसेंबरातली. थंडीत आमचं बिल १९०-२०० युनिटच्या पुढं कधी जात नाही, गीझर गॅसचा आहे. जानेवारीचं बिल आलं २५८. म्हटलं चुकीचं रीडिंग असेल. फेब्रुवारीचं पण तसंच. माझं पहिलं म्हणणं अर्थातच हे की मीटर पळतोय, आपल्याकडं बिल वाढलं की आधी मीटरच पळतो. वीज कंपनीच्या ऑफिसला अर्ज घेऊन गेलो तर तिथला तरुण इंजिनिअर भला निघाला, त्यानं अर्ज घ्यायच्या आधी विचारलं, काका घरातलं सगळं बंद केल्यावर मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतो का ते बघितलंय का? बघितलं नव्हतं. तो म्हणाला आधी बघा, लुकलुकला तर बहुधा मीटरचा दोष नाही, घरात कोणीतरी जेवतंय.

आता हा लाल दिवा काय प्रकार आहे ते जरा नीट सांगतो कारण माझ्या ओळखीत दहातल्या नऊ जणांना माहीत नाही, मला तरी कुठं होतं. मीटरवर बारीक अक्षरात ३२०० इम्पल्स पर किलोवॅट-अवर असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एक युनिट जळलं की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. मग दोन लुकलुकींच्या मधे किती सेकंद गेले ते मोजायचे आणि ११२५ ला त्या सेकंदांनी भागायचं, आलेला आकडा म्हणजे त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत. मी रात्री अकराला फ्रिजसकट सगळ्याचे प्लग काढले, एमसीबी एकेक करून पाडले, फक्त मुलाच्या खोलीचा ठेवला, आणि जिन्याखाली स्टूल टाकून मोबाईलचं घड्याळ लावून बसलो. एकेक लुकलुक मोजण्यात चूक होते म्हणून दहा मोजल्या. १२८ सेकंद लागले. म्हणजे एकेला १२.८, म्हणजे ८८ वॅट. शेजारचे वरून खाली येत होते, त्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, पल्स बघतोय. ते घाबरून थांबले.

८८ वॅट ऐकायला काहीच वाटत नाही. पूर्वी आपल्याकडं शंभरचा पिवळा बल्ब असायचा प्रत्येक खोलीत, त्याहून कमी. पण तो बल्ब संध्याकाळी लागायचा आणि रात्री विझायचा, हा डबा झोपत नाही. चोवीस तास, तीस दिवस, ८८ वॅट म्हणजे ६३ युनिट. बिलातली वाढ अगदी तेवढीच. रोकड जुळली. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाऊन त्या इंजिनिअरला सांगून आलो की मीटर बरोबर आहे, तो म्हणाला असं सांगायला परत येणारे तुम्ही पहिलेच.

आता पैशाचं बघा, इथं बहुतेक लोक चुकतात आणि मी पण पहिल्यांदा चुकलो. बिलाची रक्कम भागिले युनिट केलं की जो सरासरी दर येतो तो सर्व्हरला लावायचा नाही. आपल्याकडं दर टप्प्याटप्प्यानं चढतो, पहिले १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००. घरातला दिवा पंखा फ्रिज आधीपासून होते, त्यांनी स्वस्तातले शंभर कधीच खाल्ले, नवीन आलेला पाहुणा जे खातो ते सगळं वरच्या टप्प्यातलं. माझ्या बिलावर शंभरच्या पुढच्या युनिटला वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क असं सगळं धरून तेराच्या आसपास पडतात. ६३ गुणिले १३ म्हणजे ८१९ रुपये महिन्याला. वर्षाचे ७७० युनिट, दहा हजार रुपये. आणि मे महिन्यात कूलर लागला की आम्ही तसेच २९० ला जातो, तेव्हा डब्याचे बरेचसे युनिट ३०० च्या वर जाऊन पडणार आणि तिथला दर त्याहून चढा. फुकटचा सर्व्हर म्हणे!

तुलनेसाठी सांगतो. आमच्या फ्रिजवर जे ताऱ्यांचं स्टिकर आहे त्यावर वर्षाला २१० युनिट लिहिलंय. म्हणजे कपाटावर साडेतीन फ्रिज ठेवले होते मी. आणि दुसरी गोष्ट याहून लागली मनाला. गेल्या वर्षी मी हौसेनं चार पंखे बदलून बीएलडीसीचे बसवले, जुने ७५ वॅटचे, नवे ३० चे, दिवसाला आठ तास धरले तर चौघांचे मिळून महिन्याला ४३ युनिट वाचतात असा माझा कागद होता, तो कागद मी सगळ्या नातेवाईकांना दाखवला होता. सर्व्हरनं ते ४३ खाल्ले आणि वर अजून वीस खाल्ले.

मग त्या ८८ ची फोड करायला घेतली. ऑनलाइन एक प्लगमधे बसणारा वॅटमीटर मिळतो तो मागवला, भिंतीत तो आणि त्याच्यात आपली वस्तू, स्क्रीनवर वॅट दिसतात. ज्यांना जिन्याखाली बसायचं नसेल त्यांनी तो घ्यावा.

इथं त्या पत्रलेखकांच्या ४५० वॅटबद्दल. एसएमपीएसवर, म्हणजे त्याच पॉवर सप्लायवर, ४५० लिहिलेलं असतं ती त्याची जास्तीत जास्त देण्याची ताकद आहे, तो तेवढं खातो असं नाही. हजार लिटरची टाकी आहे म्हणून रोज हजार लिटर पाणी वापरतो का आपण. तसंच प्रोसेसरवर ६५ की ८४ वॅट लिहिलेलं असतं ते तो पळत असतानाचं, नुसता बसलेला असताना आतला प्रोसेसर फार थोडं घेतो. आणि मीडिया सर्व्हर दिवसातला बहुतेक वेळ नुसता बसलेलाच असतो, कोणी बघतच नसतं, त्यामुळं बघायचा आकडा बसलेल्या अवस्थेतला, तोही भिंतीपाशी मोजलेला, खोक्यावरचा नाही. गंमत म्हणजे एसएमपीएस मोठा असण्याचा तोटा वेगळाच आहे. सप्लाय वीज कमी वाया घालवतो असं सांगणारा ८० प्लस म्हणून जो शिक्का असतो त्याची साधी परीक्षा २०, ५० आणि १०० टक्के भारावर घेतात. ४५० चे वीस टक्के म्हणजे ९० वॅट. आमच्या डब्याला आत लागतात पन्नासच्या आतबाहेर, म्हणजे जिथं परीक्षाच घेतलेली नाही तिथं तो दिवसभर काम करतो आणि तिथं त्याची बरीच वीज नुसती गरम हवा होऊन जाते. माझ्याकडच्या सप्लायला तर शिक्का पण नव्हता.

पहिलं काढलं ते ग्राफिक्स कार्ड. मुलाच्या गेमसाठी घेतलेलं, तेव्हा त्यानं महिनाभर जेवताना तेवढाच विषय काढला होता. आता त्याच्यावर कोणी गेम खेळत नाही तरी ते नुसतं बसून १७ वॅट घेत होतं, प्रोसेसरमधे स्वतःचं ग्राफिक्स आहे ते पुरतं. ८८ चे ७१ झाले. मुलाला फोन करून विचारलं काढू का, तो म्हणाला बाबा विका, मी म्हटलं नको राहू दे, आता ते कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय, तुमच्याच.

मग यूपीएस. कॉम्प्युटरच्या मागे जुना यूपीएस होता, तो नुसता मधे उभा राहायचे ९ वॅट घेत होता, बॅटरी फुल असताना सुद्धा. घराला इन्व्हर्टर आहेच, मग हा दुसरा कशाला. काढला, ६२. मात्र इन्व्हर्टर आहे म्हणून खूश होऊ नये, लाइट गेल्यावर डबा बॅटरी पितो आणि लाइट आल्यावर ती भरायला जेवढी वापरली त्याच्यापेक्षा जास्त वीज लागते, शिसं-ॲसिडची बॅटरी आहे, काही मधेच सांडतंच. पावसाळ्यात आमच्या भागात लाइट जायला लागली की हा हिशोब वेगळा होतो.

मग डिस्का. तीन होत्या, साडेतीन इंची मोठ्या, प्रत्येक फिरत राहायचे पाच-पाच वॅट घेते, कोणी काही मागितलं नसलं तरी. दोन डिस्कांना अर्धा तास काम नसलं तर झोपायला सांगितलं, ६२ चे ५२ झाले. ह्यात एक मेख आहे. आधी भाच्यानं पाच मिनिटं ठेवलं होतं, तर त्या झोपायच्या उठायच्या, झोपायच्या उठायच्या, रात्री तर सारखी कुरकुर ऐकू यायची, कारण सर्व्हर स्वतःच मधूनमधून नवीन फाइल आली का बघायला अख्खी लायब्ररी चाळत होता. चालू होताना डिस्क क्षणभर वीस-पंचवीस वॅटचा झटका मारते आणि सारखं चालू बंद करणं तिच्या तब्येतीला पण बरं नाही. मग ती चाळणी दिवसातून एकदा संध्याकाळी लावली. सिनेमा लावला की डिस्क उठेपर्यंत आठ-दहा सेकंद थांबावं लागतं, आमची ही म्हणते पूर्वी व्हीसीआर गरम व्हायला पण लागायचेच.

एक गोष्ट लेखात यायला हवी होती ती ट्रान्सकोडिंगची. टीव्हीला किंवा फोनला फाइल जशीच्या तशी चालली तर सर्व्हर नुसता पोस्टमन असतो, पाकीट पोचवतो, वॅट दोन-चारच वाढतात. पण फाइल जर एचईव्हीसी ह्या नव्या, जास्त दाबून लहान केलेल्या प्रकारातली असेल आणि समोरच्याला ती उलगडता येत नसेल तर सर्व्हर बसल्या जागी अख्खा सिनेमा नव्यानं लिहून काढायला लागतो. आमचा प्रोसेसर २०१३ सालचा आय फाइव्ह, त्याच्यात ह्या कामाची वेगळी सोय जुन्या प्रकारच्या फाइलींपुरतीच आहे, एचईव्हीसीची नाही, मग तो नुसत्या जोरावर ते करतो, पंखा बोंबलतो आणि मीटरवर १२० च्या पुढं आकडा जातो. गंमत सांगतो, नुसती सबटायटल लावली तरी कधीकधी हेच होतं कारण ती अक्षरं चित्रावर भाजून द्यावी लागतात. हीला सबटायटल लागतात, ऐकू कमी येतं. तर मी त्या फाइली एकदाच बसून टीव्हीला चालतील अशा करून ठेवल्या, एक रात्र डबा तापला, मग शांत.

आणि तापण्यावरून आठवलं, हे ८८ वॅट शेवटी जातात कुठं, खोलीतच. सांगलीत एप्रिल-मेमधे मुलाच्या खोलीत दार उघडलं की भट्टी. ज्यांच्याकडं डबा एसीच्या खोलीत आहे त्यांनी ही उष्णता बाहेर फेकायचा एसीचा खर्च पण धरावा.

इथपर्यंत एक पैसा खर्च न करता (वॅटमीटर सोडून) ८८ चे ५२ झाले. महिन्याला ३७ युनिट. तरी पण पावणेपाचशे रुपये. आता भाच्यानं त्याचं पुढचं अस्त्र काढलं. त्यानं हॉस्टेलला स्वतःसाठी इंटेलच्या एन १०० प्रोसेसरचा मिनी पीसी घेतला होता, साडेचौदा हजाराला, डिस्क वेगळी. डबीएवढा आहे, चहाच्या. तो घेऊन सुट्टीत आला तेव्हा मी लगेच वॅटमीटरवर चढवला, डिस्क झोपलेली असताना ९, जागी असताना १४, सिनेमा चालू असताना १८, आणि एचईव्हीसी उलगडायला पण त्याला घाम फुटत नाही, ती सोय आतच आहे. सात दिवस मीटरवर ठेवला, १.८५ युनिट. महिन्याला आठ. मी मान्य करतो की मी हबकलो. भाचा म्हणाला मामा घेऊनच टाक.

मी कागद घेतला. माझा प्रश्न असा होता की आम्ही बघतो कधी. संध्याकाळी साडेपाचला ही अभंग लावते, मग जेवताना काहीतरी, मग साडेनऊला एखादं नाटक, अकरा साडेअकराला झोप. सहा तास. उरलेले अठरा तास तो ५२ वॅटचा दिवा कोणासाठी तेवत होता? तर त्याचं उत्तर होतं, मुलीसाठी, कारण तिकडची संध्याकाळ आपली रात्र. म्हणून मुलीला फोन केला. ती म्हणाली अहो बाबा, मी त्या ओव्या पहिल्याच आठवड्यात उतरवून घेतल्या सगळ्या, पाच जीबी पण नव्हत्या, मी तर तेव्हापासून तुमच्या सर्व्हरवर आलेलेच नाही.

म्हणजे बघा. चार महिने डबा रात्रभर जागला आणि पलीकडून कोणी येतच नव्हतं.

जावई त्या फोनवर होते, त्यांना हा विषय फार आवडतो असं तेव्हा कळलं. तिकडं घरगुती वीज युनिटला ३५ ते ४० सेंट, म्हणजे आपले पस्तीसच्या आसपास रुपये. दहा वॅट वर्षभर चालले की ८७.६ युनिट, तीस युरोच्या वर. त्यामुळं तिकडं कोणी घरी सर्व्हर लावला की मित्र पहिला प्रश्न हा विचारतात की नुसता बसलेला असताना किती खातो, डिस्क किती टीबीची हे नंतर. आपल्याकडं सगळे आधी टीबी विचारतात, मी पण तेच विचारलं होतं.

तर मी मिनी पीसी घेतला नाही. जुन्या कॉम्प्युटरच्या बायोसमधे, म्हणजे चालू होतानाच्या मूळ सेटिंगमधे, रोज ठराविक वेळेला आपोआप चालू व्हायची सोय असते, ती साडेपाचला लावली, आणि साडेअकराला बंद हो असं भाच्यानं आत लिहून दिलं. ५२ वॅट, सहा तास, तीस दिवस, ९.४ युनिट. बंद असताना पण दीड वॅट चाटतो, म्हणजे एखादं युनिट, धरा दहा. ६३ चे दहा झाले आणि नवीन काही आणलं नाही. आता ह्याच्याऐवजी मिनी पीसी घेऊन चोवीस तास चालवला असता तर महिन्याला अजून दोन युनिट वाचले असते, सव्वीस रुपये. साडेचौदा हजार वसूल व्हायला साडेशेहेचाळीस वर्षं. मी बासष्ट वर्षांचा आहे.

भाच्याचं गणित वेगळं आहे आणि त्याचं बरोबर आहे. त्याचे आणि त्याच्या तीन मित्रांचे फोनमधले फोटो त्या डबीवर आपोआप जाऊन पडतात, कोण कधी जागं असतं काही नेम नाही, त्याला चोवीस तास लागतोच, आणि चोवीस तास चालवायचा असेल तर ३७ युनिट विरुद्ध आठ, तीन-सव्वातीन वर्षांत पैसे निघतात. ज्याला जे लागतं ते त्यानं घ्यावं पण आधी किती तास लागतो ते मोजावं, यंत्र कुठलं हे नंतर.

शेजारचे (तेच, पल्सवाले) म्हणाले सोलर घ्या की, २०२४ पासून केंद्राची सूर्यघर योजना आहे, तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी, मग कसला हिशोब करत बसता. घ्यावं, मी पण विचार करतोय. पण एक किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडं दिवसाला चारेक युनिट देतं, म्हणजे ६३ युनिटच्या डब्यासाठी गच्चीवर अर्धा किलोवॅट पॅनेल नुसतं त्याच्या नावानं ठेवायचं. गळकी टाकी भरायला मोठी मोटर बसवण्यातला प्रकार आहे तो. आणि कोणी म्हणेल एवढ्याशा विजेनं काय देश बुडतो, तर नाही बुडत, लाखभर घरांत असे ८८ वॅटचे डबे चालले तरी नऊ मेगावॅटच होतात, एकट्या चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. मला देश वाचवायचा नाही, मला माझं बिल जुळवायचं होतं.

आता संपादक साहेब, तुमच्याकडं मागणं. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नवीन नवीन वस्तू येतात, हा स्मार्ट स्पीकर, तो कॅमेरा, हा सर्व्हर, हे सगळे चोवीस तास भिंतीला चिकटून असणारे. किंमत लिहिता, रंग लिहिता, किती टीबी लिहिता. तिथंच एका ओळीत एवढं छापा की भिंतीपाशी मोजल्यावर काही न करता ही वस्तू किती वॅट घेते आणि महिन्याचे युनिट किती. वाचकाला सोपं पडावं म्हणून सांगतो, दर दहा वॅटला महिन्याला सव्वासात युनिट, एवढंच लक्षात ठेवायचं. फ्रिजवर ते स्टिकर असतं, एसीवर असतं, २०२३ पासून छताच्या पंख्यावर सुद्धा सक्तीचं झालंय, कॉम्प्युटरच्या दुकानात मला मात्र आजवर असं स्टिकर कोणी दाखवलं नाही, मी विचारलं तर दुकानदारानं एसएमपीएसवरचा आकडा दाखवला. तुमच्या लेखकांनी जर पाच-सातशे रुपयांचा वॅटमीटर घेतला तर तुमचं काम होईल, आणि घ्यायचा नसेल तर माझा पाठवतो, पण परत करा.

पत्र लांबलं हे मला दिसतंय. कात्री लावायची तर माझ्या घरच्या गोष्टींना लावा, आकड्यांना लावू नका.

आपला,
एक जुना वाचक, विश्रामबाग, सांगली

ता.क. ३२०० हा आकडा माझ्या मीटरवरचा आहे. काही मीटरवर १६०० असतं, काहींवर वेगळंच, आधी आपला वाचावा. १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्यायचे.

आणखी एक ता.क. वॅटमीटर लगेच पाठवता येणार नाही. सध्या तो पल्सवाल्यांकडं आहे, त्यांच्या सेट टॉप बॉक्सला लावलाय, रात्री टीव्ही बंद असताना पण तो गरम का असतो ते त्यांना आता बघायचंय, आणि त्यांच्यानंतर खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नंबर आहे.